दाजी नातं सांगायला बसतात

आमच्या दाजींइतका नात्यागोत्याचा घोळ घालणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्यासारखा भांडणं मिटवणारा तर त्याहून नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम नांदूरघाट. गावातली भांडणं कोर्टात जायच्या आत गावातच मिटावीत म्हणून बीडला मध्यस्थांचं पाच दिवसांचं शिबिर होतं, त्याला आम्ही दोघं गेलो होतो. मी पहिल्या रांगेत वही-पेन घेऊन. दाजी शेवटच्या रांगेत पंख्याखाली, हनुवटी छातीला टेकवून. पाच दिवसांत ते एकदाच जागे झाले. मध्यस्थाचं कुठल्याही बाजूशी नातं असेल तर त्यानं ते सुरुवातीलाच उघड सांगावं, असं मॅडम शिकवत होत्या. दाजींनी डोळे उघडून विचारलं, कितव्या पिढीपर्यंत? मॅडम हसून म्हणाल्या, आठवेल तेवढं सांगा. बिचारीला काय ठाऊक, आपण काय मोकळं सोडतोय ते!

तेव्हापासून दाजी कुठल्याही बैठकीत आधी नातं सांगतात. आणि आमच्याकडं नात्यात नसलेला माणूस आणायचा कुठून? सुरुवात आजोबांच्या आत्यापासून, आणि त्यात धड काहीच नाही. केजची सून परळीला देतात, थोरलीचा नवरा धाकटीच्या गळ्यात मारतात. एकदा तर समोर बसलेल्या माणसाला कैलासवासी केलं, तेव्हा त्यानं उभं राहून मी अजून हाय म्हणून हजेरी दिली. सांडपाण्यावरून वर्षभर अबोला धरलेले दोन शेजारी होते. दाजींनी दोघांच्या आज्यांची अशी काही अदलाबदल केली की ते दोघं एकमेकांकडं वळून, हे काय बोलायलेत रे, असं विचारायला लागले. आतून बायका दुरुस्त्या सांगायला लागल्या. दुपारच्या आत नालीचा उतार कुठून काढायचा हेही ठरून गेलं. माझ्या वहीतल्या पाच पायऱ्यांपैकी पहिलीसुद्धा चढायची राहिली होती. खरं सांगतो, मला दाजींचा रागच यायचा. शिकायचं मी, आणि मिटवायचं ह्यांनी.

मग सिरसाळ्याजवळच्या एका गावचं प्रकरण आलं. अंकुश आणि रामकिसन, सख्खे चुलत भाऊ, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. रामकिसनच्या उसाकडं जाणारी वाट अंकुशच्या रानातून. ती अंकुशनं बाभळीच्या काट्या टाकून बंद केलेली. ऊसतोडीची टोळी येऊन बसली होती, पण ट्रॅक्टर आत जाईना आणि उभा ऊस वाळायला लागलेला. रविवारी काट्या काढणार, कोण आडवं येतंय बघतो, असं रामकिसननं गावभर सांगितलं होतं. रविवारी डोकी फुटणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आम्ही शुक्रवारी गेलो. रामकिसन भडाभडा बोलत होता, आणि अंकुश खाली मान घालून गप्प. मी शिकलेले सगळे प्रश्न विचारून पाहिले. हूं नाही की चूं नाही.

दाजींनी घसा खाकरला. त्यांची मावशी अंकुशच्या आईची कोण लागते इथून ते निघाले आणि तासाभरानं रामकिसनच्या जन्मापाशी येऊन पोचले. बाळंतपणात आठव्या दिवशी त्याची आई गेली, हे मात्र बरोबर सांगितलं. "मग ह्याला बकरीच्या दुधावर वाढवला," दाजी म्हणाले.

अंकुशची मान वर झाली.

"बकरीच्या कावून?" तो म्हणाला. "माझ्या मायच्या दुधावर वाढला त्यो. माझी बहीण पाळण्यात व्हती तवा. माय एका अंगाला तिला घ्यायची अन् एका अंगाला ह्याला. म्या डोळ्यानं पाह्यलंय."

रामकिसनला हे नवीनच होतं. त्याच्या बापाचं आणि चुलत्याचं कधी पटलं नव्हतं, त्यामुळं बापानं त्याला जन्मभर बकरीच सांगितली होती.

परत येताना मी दाजींना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं? "न्हाई बा," दाजी म्हणाले, "मला बी बकरीच ठाऊक. पण गप बसलेल्या माणसाला चुकीचं ऐकवत न्हाई, एवढं ठाऊक हाय." म्हणजे आजवरच्या सगळ्या चुका मुद्दाम? "निम्म्या," ते म्हणाले. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो.

काट्या शनिवारीच निघाल्या. अंकुशनं स्वतः काढल्या, आणि ऊस कारखान्याला गेला. पण मला राहून राहून आठवते ती त्या बैठकीतली शेवटची घटका. रामकिसननं हळूच विचारलं, मायचा एखादा फोटो हाय का.

"फोटो कवा काढलाच न्हाई तिचा," अंकुश म्हणाला. "लोक म्हणतात, मी तिच्यावर गेलोय. माझ्याकडंच बघ."

दाजींनी माझ्या दंडाला धरून मला उठवलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. दारातून मागं वळून पाहिलं, तर रामकिसन सरकून अंकुशच्या पुढ्यात बसला होता आणि डोळे पुसत पुसत त्याच्या तोंडाकडं बघत होता.