शेवटचं पान

न वाचलेलं पुस्तक वाचलं, असं मी ठोकून दिलं. आमच्या गल्लीतले एक निवृत्त पोस्टमास्तर पाणबुड्यांवरची पुस्तकं जमवतात. आमचं कुंभकोणम् समुद्रापासून लांब, तरी भेटेल त्याच्या हातात औषध दिल्यासारखं एखादं पुस्तक ठेवतात आणि बजावतात, “शेवटचं पान चुकवू नका, राव.”

आठवड्याने त्यांनी विचारलं, “शेवटचं पान कसं वाटलं?”

“वा! हसून हसून पुरेवाट झाली.”

पुस्तक धोतराच्या सोग्याने पुसत ते एवढंच म्हणाले, “आडी अमावास्येला कावेरीवर या.”

तमिळ आडी महिन्यातली ही पितरांची अमावास्या; काहीतरी खायला मिळेल म्हणून मी गेलो. घाटावर ते तेच पान उघडून बसले होते. त्यावर पाणबुडीबरोबर बुडालेल्या खलाशांची यादी होती. एकेक परदेशी नाव वाचून ते तीळपाणी सोडत होते. तर्पण सांगणारे भटजी वैतागून प्रत्येकाचं गोत्र विचारत.

“काश्यप,” ते शांतपणे म्हणत. “ठाऊक नसलं की काश्यपच.”

छापील नावं संपली. खाली पेन्सिलीने लिहिलेलं एक आपल्याकडचं नाव होतं.

“गोत्र?”

“आमचंच. धाकटा मुलगा. पाणबुडीवर होता, सापडला नाही.”

ते उठू लागले, पण पाय उचलेना. मी खांबासारखा उभाच. भटजी तमिळमध्ये माझ्यावर खेकसले, “बघता काय? म्हाताऱ्याला हात द्यायचा हे पण पुस्तकात वाचावं लागतं काय?”