शनीचा चंद्र आणि आमच्या गावचा हापसा

ये गं, अशी जवळ ये, कान पिळायचाय तुझा. परवा फोनवर म्हणालीस, "आजी, शनीच्या चंद्रावर तळी सापडलीत, पाण्याची न्हाय, गॅसची. तुला काय कळायचं त्यातलं." अगं, तुझी आई परकर नेसत होती तवा मी हे वाचलंय.

दुष्काळाचं साल होतं. बेंबळीच्या अलीकडं आमचं गाव. दूध सोसायटीच्या पायरीवर पेपर पडलेला असायचा, गुळाच्या पुड्यांवर शिकलेली अक्षरं मी तिथं लावून बघायची. त्यात आलं होतं, यान शनीच्या चंद्राजवळून गेलं, पण वर दाट धुकं, खालचं काय दिसलं न्हाय. थंडीनं तिथला गॅस पातळ होऊन साचला असंल, पण बघितल्याबिगर सांगता येत न्हाय. एवढी शिकलेली माणसं, आन् सरळ म्हणत्यात, ठाऊक न्हाय.

आमच्या सोसायटीच्या चेअरमनला मात्र जमिनीच्या पोटातलं दिसायचं. बोअर मंजूर झाला तसा त्यांनी पाणाड्या आणला. तळहातावर नारळ घेऊन तो गावभर हिंडला आन् नारळ उभा राहिला तो चेअरमनच्याच अंगणाशी. नारळालाबी माणूस कळतो.

आमी बाया कोसभर लांबनं पाणी आणत होतो. मी म्हणलं, "चेअरमनसाहेब, ओढ्याच्या वळणावर म्हशी दुपारभर बसत्यात. तिथली वाळू गार लागती. तिथं बघा."

"आता म्हशीला विचारून बोअर घ्यायचा व्हय?"

"नारळाला विचारून घेतायच की. म्हस निदान पाणी तरी पिती."

मशीन दिवसभर घरघरलं. घागरी घेऊन बसलेल्या आमच्या डोक्यावर नुसता पांढरा भुगा. पाणाड्या म्हणाला, "पाणी हाय, पर भिऊन खाली गेलंय." तरीबी हापसा बसवला. हार घातला, नारळ फोडला, मग चेअरमननं दांडा हाणला. हापसा खोकला, वारं सुटलं, आन् गड्यांनी टाळ्या वाजवल्या. असली अक्कल.

दुसऱ्या दिवशी आमी सात जणी खोरी घेऊन वळणावर गेलो. पुरुषभर खोल गेल्यावर ओल लागली, सांजंला घागर बुडाली. चेअरमनच्या घरचीबी घागर तिथंच आली. चेअरमन न्हाय आले.

तू म्हणतीस, पुढं त्या लोकांनी दुसरं यान धाडलं, धुक्याच्या आत रडार सोडलं, तवा तळी सापडली. बघ, एवढी वर्षं दम धरला त्यांनी. आधी हार न्हाय घातला.

त्या हापशावर आता गोधड्या वाळत्यात. वळणावर मात्र बांधीव विहीर झालीय. फोनवर लई शिकवलंस, आता आलीच हायस तर तिचं पाणी पिऊन जा.