गयासुद्दीन मास्टरांची बरणी

अकोल्याच्या जुन्या शहरात गयासुद्दीन मास्टर पायाच्या मशीनवर कपडे शिवतात. मागच्या पावसाळ्यात ते घसरले आणि त्यांचा उजवा घोटा मोडला. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं, "शुगर आहे, वर दिवसाला सहा खर्रे. अशा पायाची जखम चिघळते, हाड जुळत नाही. तंबाखू बंद! आणि मी सांगेपर्यंत पाय टेकायचा नाही."

पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणारा माणूस सफरचंदं नेत नाही. तंबाखू-सुपारी घोटून केलेला खर्रा नेतो. मीही नेला. नाही म्हटलं तर लोक रुसतात. म्हणून मास्टर प्रत्येकाची पुडी हसून घ्यायचे आणि न उघडता बरणीत टाकायचे.

तीन महिन्यांनी हाड जुळलं, जखमेची नुसती रेघ उरली. मास्टर स्वतःच्या पायांनी दुकानात आले. भरलेली बरणी त्यांनी आम्हा दोस्तांसमोर आपटली.

"तुमी मले पाहाले येत होते, का माहा पाय कापाले?"

एवढं बोलून त्यांनी उजव्या पायाने पायडल दाबलं. मशीन अशी धावली, की माझं उत्तर कोणालाच ऐकू आलं नाही.