तीन टीम बाद

मस्कतच्या वादी अदाईत डोंगराच्या पायथ्याशी खडीची एक मोकळी जागा आहे. तिला मैदान म्हणायचं ते भीमराव तायड्यांमुळे. दर शुक्रवारी पहाटे ते चुना आणि दोरी घेऊन येतात, रेषा मारतात आणि चारही कोपरे काटकोनात आहेत की नाही ते तपासतात. मुलं हसतात. भीमराव म्हणतात, हसा, पण गोल हुकला तर रेषेवर ढकलायचं नाही.

ते मूळचे भुसावळचे. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झाले आणि शहाण्णव साली मस्कतला आले. आता अठ्ठावन्नचे आहेत. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई तिकडे भुसावळला शाळेत नोकरीला, म्हणून हे इथे एकटे. त्यांचे पहिले साहेब ग्रीक होते, थेस्सालोनिकीचे. साहेब परत जाताना घरातलं एक खोकं भीमरावांकडे ठेवून गेले. त्यात जुन्या ग्रीक वर्तमानपत्रांच्या झेरॉक्स होत्या, सगळ्या फुटबॉलच्या. कुणीही त्या रद्दीत दिल्या असत्या. यांनी ग्रीक वाचायला घेतलं. अल्फा, बीटा, थीटा, सिग्मा तर ड्रॉइंगवाल्याला आधीपासूनच ओळखीचे, उरलेली अक्षरं किती राहिली, असं ते सांगतात.

त्यांचा सगळा जीव १९२७-२८च्या हंगामात आहे. ग्रीसची राष्ट्रीय स्पर्धा तेव्हा नुकतीच उभी राहत होती. ऑलिंपियाकोस, पानाथिनाइकोस आणि एईके या तीन बड्या क्लबांचं महासंघाशी बिनसलं. तिघेही बाहेर राहिले आणि आपसातच खेळत बसले. उरलेल्यांनी स्पर्धा पुरी केली, आणि थेस्सालोनिकीचा आरिस जिंकला. साहेबांचे आजोबा आरिसचे खेळाडू. मोठे क्लब नव्हते म्हणून जिंकलात, हा टोमणा त्यांनी म्हणे जन्मभर ऐकला. भीमरावांनी त्या हंगामाची एक लांब वही केली आहे. सामना, तारीख, गोल, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

आमची लीग त्यांनीच सुरू केली. पंधरा वर्षांखालची मुलंमुली एकत्र, सात टीम. त्यातल्या तीन शहरातल्याच अल् घुब्रा भागाच्या. त्यांच्याकडे पगारी कोच, छान बूट, हिरवळीवरचा सराव. माझी मैथिली वादी अदाईच्या टीमची गोलकीपर, पण तिची शाळा घुब्राला. म्हणजे शुक्रवारी सुट्टीला जे समोर, तेच रविवारी शाळा उघडली की वर्गात. लीगच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना टाकायचं काम माझ्याकडे होतं. सूचना देवनागरीत, कारण मराठी आणि हिंदी दोघांनाही ती वाचता येते, हे आम्हीच मोठ्या हुशारीने ठरवलं होतं.

फेब्रुवारीत घुब्राच्या तिन्ही टीम दुबईच्या कुठल्या स्पर्धेला गेल्या आणि लागोपाठ दोन शुक्रवार आल्या नाहीत. नियम स्पष्ट होता, दोनदा गैरहजर म्हणजे बाहेर. भीमरावांनी तिन्ही टीमचं बघणाऱ्या जितेशभाईंना टीम पाठवा म्हणून दोनदा फोनही केला होता. मंगळवारी त्यांनी मला वाक्य सांगितलं: "घुब्राच्या तिन्ही टीम नियमाप्रमाणे स्पर्धेतून काढून टाकण्यात येत आहेत. उरलेले सामने शुक्रवारी सातला."

"काढून टाकण्यात" हे मला टाइप करवेना. वर्गातली मुलं मैथिलीला काय म्हणतील, कोण तिला डब्याला बोलावणार नाही, हेच डोळ्यांसमोर येत होतं. मी ते मऊ केलं, आखूड केलं. लिहिलं: "घुब्रा तीन टीम बाद. बाकी सामने शुक्रवार ७."

जितेशभाईंचा अंगठा लगेच आला. खाली "ठीक है जी" असंही. केवढं समजूतदारपणे घेतलं, असं मला वाटलं. भीमरावांनाही मी तसंच कळवलं.

चार टीमची स्पर्धा महिनाभर चालली. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला मैथिलीने पेनल्टी अडवली. एक-शून्य. तिच्या हातात कप होता आणि गुडघा फुटला होता. त्याच वेळी तीन गाड्या आल्या. घुब्राची मुलं जर्सी घालूनच उतरली.

जितेशभाईंनी विचारलं की बाकीच्यांचे संपल्यावर आमचे सामने व्हायचे होते, त्याआधीच कप कसा दिला. भीमराव म्हणाले, तुम्हाला तर कळवलं होतं. जितेशभाईंनी फोन पुढे केला. "यही तो लिखा है, तायडेजी. तीन टीम बाद. बाकी सामने."

मी ते वाक्य पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांनी वाचलं. घुब्राच्या तीन टीम नंतर. बाकीच्या शुक्रवारी समोरासमोर. अख्खं वाक्य हिंदी होतं.

भीमरावांनी फोन हातात घेतला आणि ते वाक्य वाचलं. मग माझ्याकडे एकदाच बघितलं. म्हणाले, "हां, हमने लिखा है. गलती हमारी."

कुणीतरी मागून म्हणालं, नक्शे बनानेवाला नक्शे बनाए, लीग चलाना अलग काम है. दोघेतिघे हसले. जितेशभाई हसले नाहीत, पण त्यांनी कुणाला गप्पही केलं नाही. मी तिथेच उभी होते. हे शब्द माझे आहेत, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

त्यानंतर मैथिली बोलेनाशी झाली. जेवायची दोन घास आणि उठायची. तिसऱ्या दिवशी तिने कप प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि म्हणाली, हा काकांना दे, मला नको. शाळेत चिडवत असणार, असा माझा अंदाज. विचारलं तर दार लावून घेतलं. मी दाराबाहेर उभी राहून आत रडण्याचा आवाज येतो का ते ऐकत होते.

पिशवी घेऊन मी भीमरावांकडे गेले. आरिसचं उदाहरण देऊन ते कप आमच्याकडेच ठेवायला सांगतील, अशी मला आशा होती. खरं तर तेच ऐकायला गेले होते.

त्यांनी वही काढली, पण ग्रीसची नव्हे, आमच्या लीगची. म्हणाले, "वहिनी, आरिसच्या नावापुढे मी फुली मारलेली नाही. त्या तिघांना आपण बाहेर आहोत हे ठाऊक होतं. आपल्या घुब्राच्या पोरांना ते कळलंच नाही. सामने घ्यावे लागतील."

"आणि कप?"

"जो जिंकेल त्याचा."

शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी ड्रॉइंगवर असते तशी चौकट आखली होती. ड्रॉइंग बदललं की त्या चौकटीत काय बदललं ते लिहायचं, आणि ज्याची चूक त्याने सही करायची. लिहिलं होतं: "सुधारणा १. सूचना संदिग्ध. भी." मी म्हटलं, दादा, ही चूक तुमची नाही. ते म्हणाले, "मैथिली त्या शाळेत जाते. माझं काय, मी रेषा मारणारा माणूस." सव्वीस-सत्तावीस वर्षांत दुसऱ्याच्या चुकीवर कधी सही केली नाही, हे त्यांनीच मला एकदा अभिमानाने सांगितलं होतं.

घरी येऊन मी मैथिलीला सांगितलं की सामने पुन्हा होणार. ती म्हणाली, व्हायलाच पाहिजेत. मग इंग्रजी-मराठीत अडखळत जे म्हणाली, ते मला अजून पेलवत नाही.

"आई, काकांनी चीटिंग का केलं? त्यांनीच लिहिलं होतं ना, तीन टीम बाद. मग त्यांचे मॅचेस व्हायच्या आधीच आम्हाला कप का दिला? मला वाटलं, मला खूश करायला."

तिला शाळेत कुणी चिडवलंच नव्हतं. तिनेही ते वाक्य हिंदीतच वाचलं होतं. माझ्या घरात वाढलेली, माझ्याशी रोज मराठीत बोलणारी माझी मुलगी. एवढे दिवस ती ज्या माणसाला लबाड समजत होती, तो माझं नाव झाकून बसला होता.

मी तिला "बाद"चा अर्थ सांगितला. तो शब्द कुणी लिहिला आणि का, तेही सांगितलं. शाळेतल्या मुलांच्या भीतीने, हे ऐकल्यावर ती म्हणाली, "पण मला कुणाचीच भीती नव्हती." आणि विचारलं, "मग काकांनी सांगितलं का नाही?" मी फोन उचलला.

ग्रुपवर मी पूर्ण वाक्य लिहिलं, आधी हिंदीत, मग मराठीत. भीमरावांनी काय सांगितलं होतं, मी काय लिहिलं, चूक माझी. या वेळी अंगठा आला नाही. एका बाईंनी वेगळा मेसेज करून विचारलं की आता हे कशाला उकरलंत. जितेशभाईंनी फक्त सामन्याची वेळ विचारली.

शुक्रवारी भीमराव रेषा मारत होते. मी त्यांची वही मागून घेतली. "भी." वर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, कारण ड्रॉइंगवर खोडून काढायचं नसतं. शेजारी "माधवी" असं अख्खं नाव लिहिलं. त्यांनी ते पाहिलं आणि वही मिटली.

मैथिली लांब गोलजवळ हातमोजे चढवत होती. काकांकडे यायला तिचं पाऊल उचलत नव्हतं. घुब्राची पहिली टीम मैदानात उतरली. कप टेबलावर होता, अजून पिशवीतच.