सातवा फोटो

उतारे, करणी, भूतबाधा... यातलं मी कधीच काही मानलं नाही. आमचे बापू देवळासमोर हात जोडायलाही कंटाळत, आणि मी त्यांचीच लेक. नव्वदी ओलांडली आहे, बोटं वळत नाहीत, म्हणून मी सांगतेय आणि नात टाइप करतेय.

आमचं गाव खर्डा, तालुका जामखेड. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मी सतरा वर्षांची. थोरला दादा नगरला एका फोटोग्राफरकडे कामाला होता. त्याने मला एक जुना डबा कॅमेरा आणून दिला आणि शिकवलं — ऊन पाठीशी घ्यायचं, डबा पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं, श्वास रोखून खटका दाबायचा. पहिल्या रोलमध्ये वहिनीचं डोकं कापलं गेलं आणि दोन फोटोंत नुसतं माझं बोट आलं. दादा पोट धरून हसला. "प्रत्येक फोटो वहीत लिहून ठेव, कुसे. म्हणजे काय चुकलं ते कळंल."

लढाईमुळे रोल मिळत नसत. दुसरा आला तो चार महिन्यांनी. आठच फोटोंचा. मी एकेक फोटो जपून काढला — जात्यावर बसलेली वहिनी, पाटीत झोपलेलं तिचं बाळ, कडबा रचणारे बापू...

सातवा आईसाठी ठेवला होता. अर्धांगवायूने ती दोन वर्षं अंथरुणावर होती. रोज सकाळी आम्ही तिची बाज अंगणात उन्हाला आणत असू. मी समोर उभी राहिले तशी ती अडखळत म्हणाली, "समद्यांचे फोटू काढतीस. तुजा कोन काढनार?"

"माझा कशाला?"

"तू जाशील सासरी. मला बघाया काय ऱ्हाईल?"

"हलू नकोस, आई," म्हणत मी खटका दाबला. काचेत ती मला नीट दिसली होती — उशीला टेकलेली, हसऱ्या डोळ्यांची. वहीत लिहिलं : सात, आई. आठवा बैलांचा काढला आणि रोल नगरला पाठवला.

तेरा दिवसांनी आई गेली.

दिवसकार्य उरकल्यावर दादा नगरला परतला, त्याने स्वतः रोल धुतला आणि पुढच्याच मोटारीने घरी आला. मला बाजूला घेऊन त्याने एक फोटो हातात ठेवला. "कुसे, हा कोनी काढला?"

फोटोत मी होते. अंगणात उभी, डबा पोटाशी, मान खाली. पदर डाव्या खांद्यावर, खटका उजव्या हाताखाली... म्हणजे आरशातलं उलटं रूपही नव्हे. आणि फोटोच्या तळाला, अगदी जवळून घेतल्यासारखी, आईची चौकडीची गोधडी आणि तिच्या पावलांचा उंचवटा.

दादाने निगेटिव्हची आख्खी पट्टी आणली होती, न कापलेली. सहावा बापूंचा, आठवा बैलांचा, आणि मधे हा. त्या वेळी खर्ड्यात कुणाकडे दुसरा कॅमेरा असल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. असता, तरी त्याचा फोटो माझ्या रोलवर कसा येणार?

बापूंनी फोटो उन्हात धरून बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "तिला अशीच दिसत असशील तू." आणि गोठ्याकडे निघून गेले.

मी मात्र रडले ते भीतीने नाही. आईचा एकुलता एक फोटो हुकला म्हणून. आजही तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

पुढे दादाने त्याच्या मालकांना पट्टी दाखवली. माझ्या जावयाने, जो स्वतः इंजिनीअर आहे, भिंग लावून तपासली. दोघांनाही तिच्यात कुठे खोट सापडली नाही. मीही आता विचारायचं सोडून दिलंय.

परवा नात म्हणाली, "आजी, मान खाली घालून एवढी कशाला हसतेयस यात?"

तिला सांगितलं, मी काचेत बघत होते. काचेत तुझी पणजी होती.