मोठेबाबांचं नाक

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांच्याइतका नाकावर विसंबून जगणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. सोनाळ्याला त्यांची भट्टी आहे. डोंगरातलं तिखाडी गवत डेगेत पाण्यासोबत उकळायचं, वाफ थंड करून सुवासिक तेल काढायचं, एवढाच धंदा. पण धंद्याबाहेरही त्यांनी नाकाला कधी सुट्टी दिली नाही. अत्तरात न्हालेल्या एका नवरदेवाजवळ जाऊन ते भर मांडवात म्हणाले होते, "याले फिनाईलनं धुतलं का बे कोनी?" माझ्या बहिणीला आलेलं चांगलं स्थळ त्यांनी चहा यायच्या आत मोडलं. त्या घरात डांबरगोळ्यांचा वास होता. "इथं लुगडी पेटीतच राह्यतात. आपल्या पोरीनं नेसावं कवा?"

मी नववीत शाळा सोडली तेव्हा सगळे माझ्यावर तुटून पडले. मोठेबाबांनी तेवढं माझं डोकं हुंगलं. "पोरगं भेलं हाये. ओरडू नका त्याच्यावर." हे उपकार कसे फेडू, मला अजून कळलेलं नाही. आता मी दूर तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात आहे. त्यांनी दिलेली तेलाची शिशी खिशात असते. छातीत धडधडलं की हुंगतो, आणि धडधडतं रोजच. हे तेल लोक सांधेदुखीवर चोळतात, म्हणून कारखान्यात सगळ्यांना वाटतं, माझे गुडघे गेलेत. एका अक्कानं तर गुडघ्याचा पट्टा आणून दिला. तिचं मन मोडू नये म्हणून मी आठवडाभर लंगडलो.

यंदा मोठ्या आईचा, त्यांच्या बायकोचा, फोन आला. "तापातून उठले तवापासून त्यांले वासच येत नाही रे. एक भट्टी जळाली, समजलं नाही. कोनाले सांगतही नाहीत." डेगेतलं पाणी आटलं की गवत करपतं, तेल वाया जातं. ती वेळ ते नाकानंच धरायचे. सुट्टी मागितली आणि निघालो.

पोचलो तेव्हा मोठेबाबा पेटत्या भट्टीपाशी बसले होते. तेलाचा थेंब माझ्याच मनगटावर लावून म्हणाले, "हुंग. कोन आठवते?"

चुकलो तर ही डेगही गेली. घाबरत म्हणालो, "आई."

"कोनती? देवापुढची का चुलीपुढची?"

"चुलीपुढची."

"काढ बे लाकडं! धूर लागून राह्यला!"

तेल वाचलं. शिशी उन्हात धरून ते म्हणाले, "नाक बरं हाये तुयं. बनियनात वाया चाललं."

सुट्टी संपली, तिरुपूरला परतलो. परवा इथून फोन केला. "दुसरी भट्टी लावली का, मोठेबाबा?"

"तू आला का लावू."

कधी येतोस, ते त्यांनी विचारलं नाही. फोन ठेवून मी खिशातली शिशी हुंगली. डोंगरउतारावर निम्मं गवत अजून उभं असेल. फुलोरा झडला की त्यातलं तेल जातं, हे त्यांनीच मला शिकवलंय.