कृष्णराव फणसे यांची शिफारस

कृष्णराव फणसे आमच्या औषध कंपनीचे इंदूरचे एमआर. डॉक्टरांना भेटून कंपनीच्या गोळ्यांची माहिती द्यायची आणि त्या लिहायची विनंती करायची, हे काम त्यांनी तेहेतीस वर्षं केलं. पणजोबा होळकरांच्या पागेत होते. कृष्णराव म्हणत, "ते घोड्यावर, मी स्कूटरवर. मुजरा दोघांनाही सुटला नाही."

मी त्याच कंपनीच्या डेपोत काम करतो. कोणत्या भागात कोणती गोळी किती जाते, ते दर महिन्याला माझ्या टेबलावर येतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं ब्लड प्रेशरची नवी गोळी काढली, दोन औषधं एकात असलेली. जुन्या साध्या गोळीच्या सातपट महाग. तुकोगंजचे डॉक्टर ऋषभ ती भरपूर लिहू लागले, कारण आकडा गाठला की कंपनीच्या खर्चानं सहकुटुंब परदेशी परिषद होती. ही बोलणी कृष्णरावांनीच केली होती. त्यात त्यांना वावगं वाटलं नाही, सगळेच करतात.

त्यांची धाकटी बहीण भानुमती नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच असते. आठ वर्षं साध्या गोळीवर तिचं प्रेशर उत्तम होतं. तिच्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा कृष्णरावांनी डॉक्टर ऋषभना फोन केला. सगी बहीण आहे, जरा लक्ष देऊन बघा, इतकंच सांगितलं.

भानुमतीला नंबर लावावा लागला नाही. चहासुद्धा मिळाला. घरी येऊन तिनं कौतुकानं चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर कृष्णरावांच्याच कंपनीची नवी गोळी होती.

"दादा, तुझीच दिली बघ," ती म्हणाली. "म्हणजे घरचीच झाली."

ती का लिहिली गेली हे कृष्णरावांना तेव्हाच कळलं होतं. पण औषध काही वाईट नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

तिसऱ्या आठवड्यात तिचे पाय सुजले. चपलेचा पट्टा लागेना. डॉक्टरांनी सूज उतरायला आणखी एक गोळी वाढवली, आणि त्या गोळीनं तिला चक्कर येऊ लागली. एका सकाळी न्हाणीघरात ती नळ धरून खाली बसली. नव्या गोळीनं थोड्या पेशंटना पायावर सूज येते, हे वाक्य कृष्णराव वर्षभर डॉक्टरांना घाईघाईत सांगत आले होते.

त्या दिवशी ते बॅग न घेता दवाखान्यात गेले. शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाहेर थांबले. मग आत जाऊन म्हणाले, बहिणीची जुनी गोळी परत द्या.

डॉक्टर हसले. "फणसेजी, आपके लिए ही तो लिखी थी. पुरानी में कोई खराबी थोड़े थी." दोन्ही गोळ्या खोडून त्यांनी जुनी लिहिली आणि चिठ्ठी देताना म्हणाले, "बाकी सबकी चालू है. टेंशन मत लो, आपका टार्गेट हो जाएगा."

कृष्णराव 'जी सर' म्हणाले. दुसरं काही म्हणता आलं असतं का, हे त्यांनी मला नंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी विषय बदलला. तो आकडा माझ्याही टेबलावर येणार होता.

घरी भानुमती जुनी गोळी घ्यायला तयार होईना. भावाची नोकरी या कंपनीत, आणि आपण दुसऱ्याच कंपनीची गोळी खायची, हे तिला पटत नव्हतं. सूज काय, उतरेल. शेवटी कृष्णरावांना सगळं सांगावं लागलं: फोन, परिषद, आकडा, सगळं.

सगळं ऐकून तिनं विचारलं,

"म्हणजे मला तपासून नाही लिहिली?"

"तपासलं त्यांनी. पण लिहिली माझ्यासाठी."

"मग तू फोन केला नसतास तर बरं झालं असतं रे, दादा."

पंधरा दिवसांत तिचे पाय पूर्ववत झाले. तिमाहीचा आकडाही पूर्ण झाला. डॉक्टर सहकुटुंब जाऊन आले. कृष्णराव या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत, माझी पाळी पुढच्या वर्षी.

भानुमती आता लांबच्या एका दवाखान्यात जाते. स्वतः नंबर लावते, दीड-दोन तास बाकावर बसते. घरी कोण कोण आहे, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तिनं भाऊ आहे असं सांगितलं. भाऊ काय करतो, यावर म्हणाली, नोकरी. कुठे, ते सांगितलं नाही.

हे तिनंच कृष्णरावांना घरी येऊन सांगितलं, आणि त्यांनी मला.